उजवीकडून येतेय

कांपालच्या नदीकाठी एक वाट आहे,
सायकलींची, चालणाऱ्यांची,
आणि ज्यांना कुठेच जायचं नाही त्यांचीही.
मधोमध पिवळी रेघ. खाऱ्या हवेनं
ती जागोजागी खाल्लेली,
जणू रेघ ओढणाऱ्यालाच पुढचं सुचलं नाही.

मी सायकल घेतली बावन्नाव्या वर्षी,
म्हापशात, जुनी.
दांडीवर मागच्या मालकाचं नाव अजून: फ्लाविआनो.
गुडघ्यासाठी, असं घरी सांगितलं.
खरं तर वेगासाठी.
कोषागारात तीस वर्षं खुर्चीत बसून
मला एकदा कुणाला तरी मागे टाकायचं होतं.

घंटी मीच निवडलेली, पितळी, खणखणीत.
वाजवली की माणसं दोहोंकडे फुटायची
वाळल्या शेंगेसारखी.
मला आवडायचं ते. लपवत नाही.

त्या सकाळी समोर एक पाठ होती.
निळी टोपी, सैल विजार, काखेत छत्री.
वाजवली. पाठ हलली नाही.
पुन्हा वाजवली, जरा रागानं.
तिसऱ्यांदा वाजवली, तेव्हा पाठ वळली
नेमकी माझ्याच बाजूला,
आणि मी माडाच्या आळ्यात.

त्यानं आधी सायकल उचलली, मग मला.
'गुरुदास तारी. बेतीच्या फेरीबोटीवर अठ्ठावीस वर्षं.
उजवा कान इंजिनानं नेला.
लागलं काय गो?'
कोपर सोललं होतं. लाज जास्त सोलली होती.

बाकावर बसून त्यानं बाटलीतलं पाणी दिलं,
आणि नदीकडे बघत म्हणाला,
'जानेवारीत धुकं पडायचं.
बेती दिसायची नाही, पणजी दिसायची नाही,
आणि मधून खनिजाची बार्ज, घराएवढी.
आम्ही भोंगा द्यायचो.
भोंगा म्हणजे, मी इथं आहे. तेवढंच.
बाजूला हो, असं सांगणारा भोंगा
मी तरी कुठल्या बोटीवर ऐकला नाही.
भोंगा दिला की इंजिन हळू करायचं,
आणि उत्तर येईतो थांबायचं.
तू थांबतेस?'

मी थांबत नव्हते.

आता मी बोलते.
'उजवीकडून येतेय.'
पहिल्या दिवशी आवाज घशातच राहिला,
दुसऱ्या दिवशी मोठ्यानं निघाला,
आणि बटाटावडा खाणारा एक पोरगा दचकून कठड्याला चिकटला.
जमलं हळूहळू.
ताळगावच्या दोघी, लग्नातल्या मानापानावर बोलत
अख्खी वाट अडवून चालणाऱ्या,
बोलणं न तोडता एकीमागे एक होतात,
मागची हात जरासा वर करते.
तो हात मी घरी घेऊन जाते.

कुत्रा एका काठाला, मालक दुसऱ्या,
मध्ये ताणलेला पट्टा दिसला की मी उतरते.
कानात बोंडं घातलेल्या मुलीला
माझी घंटीही नाही, माझा शब्दही नाही,
तिच्यामागून मी तिच्याच वेगानं जाते,
वाट रुंद होईपर्यंत.
ती बिचारी काय ऐकत असते, कोण जाणे.
अजूनही कधी उशीर झालेला असतो,
आणि अंगठा घंटीवर जातोच.

तारीबाबांचं मात्र वेगळं.
नियम म्हणतो, उजवीकडून पुढे जा.
त्यांचा ऐकणारा कान डावा.
म्हणून मी रेघ ओलांडते, डावीकडे येते,
पाय टेकत म्हणते, 'तारीबाब, मी.'
ते छत्री उचलून उत्तर देतात,
एक लांब, एक आखूड.
अर्थ मी विचारलेला नाही.

काल संध्याकाळी भरती उतरताना
कॅसिनोच्या बोटींचे दिवे पाण्यात लांबले,
आणि झुडपातून एक खेकडा वाटेवर आला.
तो डावीकडूनही जात नव्हता, उजवीकडूनही नाही,
आडवाच निघाला, एक नांगी वर,
पिवळ्या रेघेवर थांबला,
तिची खात्री करून घेतल्यासारखा.
मी पाय टेकला. मागून धावणारा थांबला.
ढकलगाडीतलं बाळ थांबलेलंच होतं.
घंटी कुणी वाजवली नाही.
त्याला बराच वेळ लागला.